सदर सदराविषयी खुलासा

माणसाजवळ मत असावं लागतं. माझ्याजवळ ते पहिल्यापासून आहे, आणि भरपूर आहे. बायकोचं म्हणणं असं की, घरात एवढी मतं साठलीत की केर काढायला जागा उरत नाही. पण ते तिचं मत झालं, आणि मतांच्या बाबतीत मी फक्त अनुभवी माणसांचं ऐकतो.

माझा अनुभव म्हणजे नोकरीचा. पाणीपुरवठा कार्यालयात मी फायलींवर अभिप्राय लिहितो. कुणाला नळ हवा असतो, कुणाला नळ हलवून हवा असतो, कुणाला शेजाऱ्याचा नळ बंद व्हायला हवा असतो. फाइल माझ्या टेबलावर येते ती कपाळावर 'अभिप्रायार्थ सादर' असं लिहूनच. मी खाली लिहितो, 'सदर अर्जाचे अवलोकन केले. सदर मागणी रास्त दिसते. मान्यतेस हरकत नसावी.' इथे जाणकारांनी एक बारकावा लक्षात घ्यावा. 'हरकत नाही' असं मी आजवर लिहिलेलं नाही. उद्या पाइप फुटला तर 'नाही' लिहिणारा चौकशीत सापडतो आणि 'नसावी' लिहिणारा घरी बसून चहा पितो.

तसंच 'सदर'चं. नवीन लागलेली मुलं अर्जदाराचं अख्खं नाव लिहितात, गल्ली लिहितात, नळाची जागा लिहितात आणि एकेका काना-मात्रेपायी फाइल परत येते. मी 'सदर' लिहितो. 'सदर'मध्ये शुद्धलेखनाची चूक होत नाही. मोठ्या साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं की, सदर वापरावं तर यांनीच. साहेब ते हसत म्हणाले होते, पण कौतुक करताना माणूस हसणारच.

एवढ्या योग्यतेच्या माणसाला घरात मात्र कुणी काही विचारत नव्हतं. बायको 'भाजी कशी झालीये?' असं विचारते, पण ते डाव हातात धरून विचारते, त्यामुळे तो प्रश्न धरता येत नाही. म्हणून आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या वाचनालयात पुस्तक परत करताना तिथल्या बाईंनी जेव्हा सहज विचारलं, 'कसं होतं पुस्तक?' तेव्हा मला गहिवरून आलं.

या बाईंना सगळी इमारत हळूबाई म्हणते. कुणी खुर्ची ओढली की 'हळू', कुणी शिंकला की 'हळू', कपाटाचं दार वाजलं की दारालाही 'हळू'. वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला टेकलेली कपाटं, एक टेबल आणि टेबलामागे हळूबाई. वास्तविक तिथे 'हळू' म्हणण्यासारखं फारसं काही घडत नव्हतं, कारण माणूसच येत नव्हतं. नेमका हाच मुद्दा कमिटीने हेरला होता. इमारतीने सभांसाठी नव्या खुर्च्या घेतल्या होत्या, आणि त्या ठेवायला जागा नव्हती. जिन्याखाली रचलेल्या खुर्च्यांना अडखळून लोकांची नडगी फुटत होती. तेव्हा वाचनालय बंद करून त्या खोलीत खुर्च्या ठेवाव्यात असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडायचा, असं आमच्या सेक्रेटरींनी ठरवलं होतं. यांना आम्ही ठरावकाका म्हणतो. हे घरी चहा मागतात तोसुद्धा अनुमोदन घेऊन.

'कुणी पुस्तक नेतच नाही हो,' हळूबाई म्हणाल्या. 'ठरावकाका म्हणतात, कपाटातली पुस्तकं कपाटातच राहणार असतील तर बाईंची काय गरज? आता या वयात मी जाऊ कुठे? मला दुसरं काही येत नाही.'

मी म्हटलं, 'बाई, लोक पुस्तक नेत नाहीत, कारण त्यांच्याजवळ मत नसतं. ते मी पुरवतो.'

त्याच संध्याकाळी मी पहिली चिठ्ठी लिहिली. हळूबाईंनी ती पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवली. आणि मी तिची स्थळप्रत घरी ठेवली. कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची एक प्रत जागेवर ठेवायची असते, तिला स्थळप्रत म्हणतात. ज्याची स्थळप्रत नाही ते घडलेलंच नाही, असं आमच्या कार्यालयात मानतात.

माझ्या अभिप्रायांचा नमुना म्हणून दोन देतो. एका प्रवासवर्णनावर मी लिहिलं, 'सदर लेखक वाट दोनदा चुकतो. तिसऱ्यांदा वाचक चुकतो. तथापि नकाशा सुबक आहे. वाचनास हरकत नसावी.' आणि एका रहस्यकथेवर लिहिलं, 'सदर खून माळ्याने केल्याचे आरंभीच लक्षात येते. सबब पुढील पाने न वाचल्यासही हरकत नसावी.' हे सदर म्हणजे इमारतीत खळबळ उडवून देईल अशी माझी खात्री होती. हो, सदरच. वर्तमानपत्रात लेखकांची असतात तसं ते माझं सदर झालं होतं. सदर सदराला नाव मी 'अभिप्रायार्थ' असं दिलं होतं. खळबळ एवढीच उडाली की दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई रहस्यकथा परत करायला आल्या आणि माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या.

पण कस्तुरी झाकून राहत नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला एकदा वाचनालयात पंखा खायला येऊन बसला होता, त्याने ती माळ्याची चिठ्ठी वाचली. 'साहेब,' तो म्हणाला, 'असा आडपडदा न ठेवणारा माणूस मला पाहिजेच होता. कंपन्यांची माणसं येतात, मोफत नमुने टाकून जातात. खण भरलेत माझे. तुम्ही एकेक वापरा, चिठ्ठी लिहा, मी काउंटरवर त्या वस्तूला टाचून ठेवतो. गिऱ्हाइकाला आधार होतो.'

मी पिशवीभर नमुने घेऊन घरी आलो. बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

'घरात एक नमुना होता तो पुरत नव्हता का?' ती म्हणाली.

अशा बोलण्याकडे लक्ष दिलं असतं तर जगात काहीच कार्य झालं नसतं. मी वापरायला सुरुवात केली. दंतमंजन वापरलं, साबणाच्या बोटभर वड्या वापरल्या, टाचांचं मलम वापरलं. केसांच्या रंगाचा एक नमुना आला होता, तो मिशीला लावला. पण पुडी अर्ध्या मिशीलाच पुरली. ही कंपन्यांची जुनी खोड आहे, अर्ध्यावर आणून सोडतात. पुढचे काही दिवस मोठे साहेब माझ्या फक्त उजव्या बाजूकडे बघून बोलत होते. तरी मनात काही न ठेवता मी लिहिलं, 'सदर रंग पक्का आहे. प्रमाण अपुरे आहे.' निःपक्षपाती माणसाला मिशीचंही प्रेम धरता येत नाही.

आता मूळ प्रकरण. आमच्याकडे सासूबाई काही दिवसांसाठी आल्या होत्या. 'काही दिवस' हा सासूबाईंचा शब्द आहे, मी फक्त उद्धृत केला. त्यांची मान आखडली होती. डॉक्टरांनी सांगितलं की, खाट उशाकडून थोडी उंच करा. ते खाटेचं वगैरे किरकोळ काम बायकोने परस्पर पाहिलं. मी मुळावर घाव घातला. औषधवाल्याकडे मान शेकायच्या पिशवीचा नमुना आला होता. एक चपटी, टणकशी पिशवी, गरम करून मानेखाली घ्यायची. ती मी सासूबाईंना दिली. थोड्या दिवसांनी सासूबाईंची मान दोन्ही बाजूंना वळू लागली. मी डाव्या बाजूला बसलो तरी त्यांना दिसू लागलो. हा पिशवीचा विजय होता, आणि मी तसा अभिप्राय लिहिला: 'सदर मानेखाली येईल असे ठेवून वीस मिनिटे स्वस्थ पडावे. आरंभी टणक वाटते. नंतर मान मोकळी होते. सासूबाईंना फरक पडला. प्रत्येक घरात असावे. हरकत नसावी.'

त्याच सुमारास मी एक कादंबरी वाचून संपवली होती. म्हणजे तिचा पहिला खंड. तिचे तीन खंड होते आणि एकेक खंड विटेएवढा जाड. कित्येक वर्षांत तो ग्रंथ कुणी हलवला नव्हता, त्यामुळे हळूबाईंनी तिन्ही खंड एकदमच माझ्या पदरात घातले होते. एक मोठं कुटुंब, त्यातले भाऊ, त्यांचं भांडण, कुणी बोटीने निघून जातो, कुणी पत्र पाठवत नाही, आणि सगळे सदानकदा खिडकीपाशी उभे. पहिल्या खंडात मी दमलो. पुढचे दोन पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले होते. आमच्या घरात बाजूला ठेवलेल्या वस्तूचं पुढे काय होतं हे फक्त बायकोला ठाऊक असतं. पहिल्या खंडावर मी लिहिलं: 'सदर जाडजूड असले तरी आत माल कमी आहे. मध्यभागी फार पसरट. हाती घेताच झोप येते. फुकट मिळाल्यास हरकत नसावी.'

दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर होत्या. शेजारी आणखी दोन होत्या, एक लहान मुलांच्या पाचक गोळ्यांवरची आणि एक वाचनालयाच्या कवितासंग्रहावरची. मी आंघोळीला गेलो. बायकोने पंखा सोडला. आमचा पंखा एक तर बंद असतो नाहीतर पिसाळलेला असतो, त्याला मधली अवस्था नाही. चिठ्ठ्या घरभर उडाल्या.

'अहो, कुठली चिठ्ठी कशावरची?' बायकोने बाहेरून विचारलं.

माझ्या डोळ्यांत साबण होता, नमुन्याचा. 'वाचलीस तर कळेल!' मी ओरडलो. 'माझे अभिप्राय स्वयंस्पष्ट असतात!'

मला कार्यालयात जायला उशीर झाला होता. त्यामुळे वाचनालयाची पुस्तकं वाचनालयात आणि औषधवाल्याचे नमुने औषधवाल्याकडे बायकोनेच पोचते केले. चिठ्ठ्या लावून.

चार-सहा दिवसांनी जिन्यात खालचा शिंपी भेटला. त्याच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने मला वाकून नमस्कार केला. शिंप्याने मला नमस्कार करण्याचा हा पहिलाच प्रसंग. एरवी तो माझी पँट परत देताना तोंड चुकवतो.

'साहेब, तुमचा ग्रंथ!' त्याने टॉवेल उघडून दाखवला. कादंबरीचा पहिला खंड होता. 'काय वस्तू सांगितलीत! सुरुवातीला टणक लागला, पण तुम्ही तसं लिहिलंच होतंत.'

'सुरुवात थोडी जड आहे खरी,' मी म्हणालो. माझा ऊर भरून आला. 'पण धीर धरला की मोकळं वाटतं ना?'

'एकदम मोकळं! दिवसभर मशीनवर मान घालून बसतो. आता घरी गेलं की पहिलं काम, आडवं व्हायचं आणि ग्रंथ घ्यायचा.'

'वा! रोज किती होतो?'

'वीस मिनिटं. तुम्ही लिहिलंय तेवढंच. जास्ती केला तर चालेल का?'

'साहित्याला मर्यादा नसते,' मी म्हणालो.

'मग एकच शंका आहे,' शिंपी आवाज उतरवून म्हणाला. 'हा तसाच घ्यायचा, की थोडा शेकून?'

मी पुठ्ठा उघडला. आत माझ्याच वळणदार अक्षरात सासूबाईंना फरक पडला होता.

मी तसाच वाचनालयात गेलो. आणि दारातच थबकलो, कारण आत शिरायला जागा नव्हती. टायपिंग करणारी मुलगी होती, ट्रकचालक होता, समोरचा न्हावी होता, दुसऱ्या मजल्यावरच्या अबोला धरलेल्या बाईही होत्या. सगळ्यांच्या माना एकेका कोनात. पहिल्या खंडासाठी नंबर लागले होते, आणि ज्यांना धीर नव्हता ते मिळेल तो जाड ग्रंथ उचलत होते. सल्ल्यांना तर ऊत आला होता. न्हावी सांगत होता की शब्दकोश मानेला कडक पडतो पण कमरेला बरा. ट्रकचालकाचं मत होतं की कायद्याचं पुस्तक मुळीच घेऊ नये, त्याने डोकं दुखतं. कुणीतरी कवितासंग्रह मागत होतं, डोळ्यांवर ठेवायला. त्याच कवितासंग्रहावर पाचक गोळ्यांची चिठ्ठी लागली होती, 'सदर चवीला गोड. पोटात काही राहत नाही. लहान मुलांनाही देता येईल.' ती मात्र चुकली आहे हे आजपर्यंत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

औषधवाला तिथेच माझी वाट पाहत उभा होता. त्याच्या हातात शेकायची पिशवी होती आणि पिशवीला माझी चिठ्ठी.

'आत माल कमी?' तो म्हणाला. 'मध्यभागी पसरट? साहेब, कंपनीच्या माणसाने हे काउंटरवर वाचलं. माझ्या नावाने शिमगा करून गेला. आजपासून नमुने बंद.'

त्याने मला उरलेल्या साबणाच्या वड्याही परत मागितल्या. मनुष्य रागावला की किती खालच्या पातळीला जातो ते तेव्हा कळलं.

घरी येऊन मी बायकोला जाब विचारला. 'वाचून लाव म्हटलं होतं ना?'

'वाचूनच लावल्या. सगळीकडे आपलं सदर, सदर, सदर! वस्तूचं नाव लिहायला शाई लागते का?'

'अगं, पण मानेखाली पुस्तक? असं कुठे असतं का?'

'मला तर बरोबर वाटलं,' ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या करू लागली.

माझी झोप उडाली. हसण्यावारी न्यावं असं हे प्रकरण नव्हतं. माझ्या अभिप्रायावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. आणि आता अख्खी वस्ती माझ्या सहीवर विश्वास टाकून विटांवर मान टेकून पडली होती. उद्या कुणाची मान कायमची धरली तर? 'हरकत नसावी' लिहिलं होतं, त्यामुळे कायद्याने मी सुटलो असतो, पण सदसद्विवेकबुद्धीपुढे 'नसावी' चालत नाही. शिवाय खोटं कशाला बोलू, मला अपमानही वाटला. माझ्या बिनचूक चिठ्ठ्यांनी एक माणूस आला नाही, आणि चुकलेल्या एका चिठ्ठीने रांग लागली.

तेव्हा चिठ्ठी काढायचीच असं मी ठरवलं. पण हळूबाईंनी नियम दाखवला. वाचनालयात एकदा चिकटवलेलं काहीही कमिटीच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. हा नियम ठरावकाकांनी कुणीतरी काढून नेलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे केला होता, पण लागू माझ्या चिठ्ठीला झाला. मी रीतसर अर्ज केला: 'सदर चिठ्ठी सदर पुस्तकास नजरचुकीने लागली असून सदर अभिप्राय सदर वस्तूचा आहे. सबब सदर चिठ्ठी काढून सदर वस्तूस लावणेस परवानगी मिळावी.'

अर्ज दुसऱ्याच दिवशी परत आला. खाली ठरावकाकांचा लाल शेरा होता, 'कोणते सदर? खुलासा व्हावा.'

आयुष्यात प्रथमच माझा कागद शेरा पडून परत आला. मी खुलासा पाठवला. त्यात 'सदर सदर म्हणजे वरील सदर नव्हे' असं एक वाक्य होतं, त्यावर ठरावकाकांनी लिहिलं की, मान दुखत असल्यामुळे सदर खुलासा समजला नाही, विषय सर्वसाधारण सभेत घ्यावा. म्हणजे एकाच सभेत वाचनालय बंद करण्याचा ठराव आणि माझी चिठ्ठी.

सभेच्या आदल्या दिवशी हळूबाई आमच्या दारात आल्या. टेबलामागून उठलेल्या हळूबाई मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या फार लहानखुऱ्या दिसल्या.

'साहेब, उद्या बोलू नका,' त्या म्हणाल्या. 'अर्ज मागे घ्या. आत्ता कुठे पुस्तकं कपाटाबाहेर पडायला लागलीत. मानेखाली का होईना, लोकांच्या घरात जातायत. उद्या तुम्ही उभे राहून सांगितलंत की सगळं चुकीचं होतं, तर परवा माझ्या टेबलावर खुर्च्या रचतील.'

मला फार वाईट वाटलं. बाई गेल्या, तरी मी दारातच उभा होतो. एकीकडे हळूबाईंची खोली आणि दुसरीकडे माझी सही. बायको म्हणाली, 'आयुष्यात एकदा तुमचं मत कुणाच्या उपयोगी पडलं, तर ते तरी राहू द्या.' पण मी मनाशी ठरवलं. खोटी चिठ्ठी ठेवून वाचलेलं वाचनालय नको. खुलासा करीन, आणि मग माझ्या वक्तृत्वाच्या बळावर खोलीही वाचवीन. वक्तृत्वाबद्दल मला कधीच शंका नव्हती.

सभा अंगणात भरली. नव्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि त्यांच्यावर बसूनच लोक त्या कुठे ठेवायच्या ते ठरवणार होते. सासूबाईही हौसेने येऊन पहिल्या रांगेत बसल्या. ठरावकाका उभे राहिले. त्यांच्या गळ्यात एरवी मानदुखीचा पांढरा पट्टा असतो, तो आज दिसत नव्हता.

'विषय क्रमांक एक, वाचनालयाची खोली,' त्यांनी घसा खाकरला. 'परंतु ठराव मांडण्यापूर्वी मला एक प्रश्न विचारायचा आहे. दुसरा खंड कुठे आहे?'

कुणाला काही कळेना.

'त्या कादंबरीचा हो!' ठरावकाका चिडून म्हणाले. 'मी मानेसाठी नेला होता पहिला खंड. रोज वीस मिनिटं. वीस मिनिटांनंतर करायचं काय म्हणून उघडला. तो धाकटा भाऊ बोटीत चढतो आणि खंड संपतो. आता तो पोचला की बुडाला? तीन दिवस जेवण गोड लागत नाहीये मला.'

'मी पण तेच म्हणतोय,' शिंपी मागून म्हणाला. 'ती पत्राची वाट बघतेय खिडकीत आणि इकडे खंड खलास.'

'तो बोटीत चढायला नको होता,' दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. 'आणि कुणी शेवट सांगू नका, सांगणारे असतात काही जण.'

हळूबाई हळूच उभ्या राहिल्या. 'दुसरा आणि तिसरा खंड,' त्या चाचरत म्हणाल्या, 'या साहेबांकडे आहेत.'

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. अगदी विनासायास वळल्या, हेही मी इथे नमूद करतो.

मी उठलो. 'सभासदहो,' मी म्हणालो, 'खंडांचा तपास करून कळवतो. परंतु आधी माझ्या अर्जाचा खुलासा. सदर पुस्तकाने कुणाची मान बरी होत नाही. माझा अभिप्राय मान शेकायच्या पिशवीवर होता. आमच्या सासूबाईंना फरक पडला तो पिशवीने. चिठ्ठी चुकून...'

'कुठली पिशवी?' सासूबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या. 'ती टोचरी? जावईबापू, ती मी पहिल्याच दिवशी पायाशी टाकली.'

'पायाशी?'

'तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. मला आराम पडला तो खाट उंच केली म्हणून.'

'आणि खाट कशावर उंच केलीये ते विचारा,' बायको शांतपणे म्हणाली. 'उशाकडच्या दोन पायांखाली दोन खंड आहेत. एकाखाली दुसरा, एकाखाली तिसरा. म्हणून तर ती चिठ्ठी मला बरोबर वाटली. मानेखालीच आहेत ना? मधे गादी आणि उशी आहे, एवढंच.'

मला बसावंसं वाटलं. खुर्ची नवी होती, तीही करकरली.

ठरावकाका मात्र विचारात पडले होते. 'म्हणजे चिठ्ठी बरोबर आहे,' ते म्हणाले, 'आणि खुलासा चूक आहे. अर्ज फेटाळण्यात येतो. अनुमोदन?'

'अनुमोदन!' अख्खं अंगण ओरडलं. माझ्याविरुद्ध एवढं एकमत आमच्या इमारतीत कशावरच झालेलं नाही.

'राहता राहिला खोलीचा प्रश्न,' ठरावकाका म्हणाले, आणि त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं, हळूबाईंकडे पाहिलं, आणि पुन्हा खुर्च्यांकडे पाहिलं. बोटीतला भाऊ त्यांच्या डोळ्यांपुढे असावा.

सासूबाई म्हणाल्या, 'त्यात काय एवढं? खुर्च्या त्याच खोलीत मांडा आणि त्यांच्यावर बसून वाचा की. रचून कशाला ठेवायच्या?'

एवढं सोपं उत्तर कमिटीला पचायला वेळ लागतो. मग ठरावकाकांनी विचारलं, 'सदर सूचना मंजूर आहे का?'

'मंजूर!' कुणीतरी एवढ्या मोठ्याने ओरडलं की वरच्या खिडक्या उघडल्या. आम्ही वळून पाहिलं. ओरडल्या होत्या त्या हळूबाई. त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला होता, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना 'हळू' म्हणायला कुणाचा जीव झाला नाही.

त्या संध्याकाळी ठरावकाका स्वतः आमच्या घरी आले, खाट उचलायला हात लावला, आणि दुसरा खंड छातीशी धरून जिना उतरून गेले. तिसरा हळूबाई घेऊन गेल्या. सासूबाईंची खाट पुन्हा सपाट झाली. त्या आडव्या पडल्या आणि कण्हल्या.

'आता काय घालायचं हो खाली?' मी बायकोला विचारलं. 'विटा आणू?'

बायको आतल्या खोलीत गेली आणि कपाटाच्या वरून दोन गठ्ठे घेऊन आली. चांगले जाडजूड, सुतळीने बांधलेले. मी ओळखले. त्या माझ्या स्थळप्रती होत्या, सगळ्या अभिप्रायांच्या, पुस्तकांच्या आणि नमुन्यांच्या. मी काही म्हणायच्या आत तिने एकेक गठ्ठा एकेका पायाखाली सारला.

सासूबाईंनी मान टेकली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. आम्ही दोघं खाटेपाशी उभे होतो. मला त्या क्षणी सभेत वाटली नव्हती एवढी धाकधूक वाटली. कारण माझ्या इतक्या मतांवर एकदम मत देणारं माणूस मला याआधी भेटलं नव्हतं.

'जावईबापू,' सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, 'सदर बरं आहे. हरकत नाही.'

त्यांनी 'नसावी' म्हटलं नाही. 'नाही' म्हटलं.